तंजावरच्या भिंतीवरची ओळख

परवा नातीने माझा व्हॉट्सॲपवरचा फोटो पाहून विचारलं, "आजोबा, युनिफॉर्म तर तुम्ही आता घालत नाही. मग हाच फोटो का?" मी हसून वेळ मारून नेली. पण मनात आलं ते तंजावर.

दक्षिणेत पोस्टिंग असताना मी तिथलं बृहदीश्वर मंदिर पाहिलं. राजराज चोळाने ते १०१०च्या सुमारास पूर्ण केलं. त्याचे शिलालेख विजयांच्या वर्णनाने सुरू होतात, पण पुढे मुख्यतः हिशेब आहे: देवाला दिलेले दागिने, गावं, दिवे, नर्तकींची नावंसुद्धा.

त्याच आवारात १८०३ मध्ये सरफोजी राजे दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मजकूर त्यांचे चिटणीस बाबुराव यांचा. जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

त्या वेळी राजांच्या हातात होतं काय? तुळजाजींनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतलं. ते दत्तकविधान अवैध ठरवून तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले. १७९८ मध्ये कंपनीने सरफोजींना गादी दिली आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार काढून घेतला. उरला किल्ला आणि मान. त्यानंतर चारच वर्षांनी ही वंशावळ दगडावर आली.

मला यात ढोंग दिसत नाही. ज्याच्या वारसाहक्कावरच शंका घेतली गेली, त्याने "मी कोण" हे सर्वांना दिसेल अशा जागी लिहिलं. आज आपण मोबाइलवर तेच करतो. सत्ता हातात असते तेव्हा ओळख सांगावी लागत नाही. ती गेली की सांगावी लागते.

पण सरफोजी तिथे थांबले नाहीत. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं, देशोदेशीचे ग्रंथ जमवले, डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या. १८५५ मध्ये पुढचा राजा वारला आणि पुरुष वारस नाही म्हणून राज्य खालसा झालं. ग्रंथालयात मात्र अभ्यासक आजही येतात. भिंतीवर सरफोजी पूर्वजांचे वारस आहेत. ग्रंथालयात ते स्वतः भेटतात.

नातीला मी शेवटी खरं सांगितलं. "बाळा, नोकरीत होतो तेव्हा खांद्यावरच्या पट्ट्या बोलायच्या. आता मलाच बोलावं लागतं." फोटो अजून तोच आहे. मात्र निवृत्तीनंतर मी काय केलं, हे तिने विचारलं तर दाखवायला काही हवं, एवढं ठरवलं आहे.

तुमच्या फोटोमागे काय आहे? विचार करा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.