टचस्क्रीनचा अबोला

मोठ्या इमारतीतल्या सेंट्रल एसीची टचस्क्रीन बघितलीये? भिंतीवर रुबाबात बसलेली असते. आणि एखाद्या दिवशी तापमानाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा, खाली 'कम्युनिकेशन एरर'. लोक म्हणतात एसी बिघडला. बऱ्याचदा एसी ठणठणीत असतो हो, फक्त त्याने स्क्रीनशी अबोला धरलेला असतो! हा अबोला सोडवायचा तर त्याचा इतिहास माहीत असावा असं माझं मत आहे. इथे प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या डोक्यावर एकेक मजला चढवलाय. घोडं पेंड खातं ते त्यातल्याच कुठल्यातरी मजल्यावर.

सुरुवात अमेरिकेतली. विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन हे अध्यापक विद्यालयात प्राध्यापक होते. वर्ग गरम ठेवायची सगळी व्यवस्था तळघरात. पण वर किती गरम झालंय हे तळघराला कळणार कसं? तर तिथला कामगार सारखा भर तासाला वर्गात येऊन बघून जायचा. जॉन्सन वैतागले आणि १८८३ साली त्यांनी एका उपकरणाचं पेटंट घेतलं. वर्गातलं तापमान बदललं की तारेतून तळघरात घंटा वाजणार! म्हणजे या धंद्याचा जन्मच मुळी कम्युनिकेशन प्रॉब्लेममधून झालाय.

पुढे याच जॉन्सननी दाबलेल्या हवेवर चालणारं नियंत्रण आणलं. भिंतीतून बारीक नळ्या, आणि त्यातल्या हवेचा दाब हाच निरोप. कालांतराने ३ ते १५ पीएसआय हा पट्टा सगळीकडे रूढ झाला. त्यामुळे एका कंपनीचा थर्मोस्टॅट बहुतांशी दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह चालवू शकायचा. बिघाड शोधायला कान पुरायचे, नळी फुटली की फुस्स आवाज येई.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. इंधन वाचवायचं म्हणून इमारतींमध्ये कॉम्प्युटर शिरले आणि १९८० च्या दशकात मायक्रोप्रोसेसरवाले कंट्रोलर आले. गंमत म्हणजे तंत्र पुढे गेलं आणि संवाद मागे! हवेच्या दाबाला कंपनी नव्हती, पण डिजिटल निरोपाला होती. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, आणि बाहेरच्याला ताकास तूर लागू द्यायची नाही. एकदा एकाचा माल घेतला की जन्मभर त्याचेच पाय धरा.

१९८३ मध्ये आरएस-४८५ हे प्रमाण आलं खरं, पण ते फक्त विजेच्या खुणांपुरतं. दोन गावांमध्ये टेलिफोनची तार टाकली म्हणून मराठी बोलायचं की कन्नड, हे थोडंच ठरतं? ते ठरवायला १९८७ साली अ‍ॅशरे या अमेरिकन इंजिनिअरांच्या संघटनेची समिती नॅशव्हिलमध्ये पहिल्यांदा बसली. अध्यक्ष होते कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल न्यूमन. एकमेकांचे स्पर्धक एका टेबलाशी! चर्चा चालली तब्बल ८ वर्षं. १९९५ मध्ये बॅकनेट जाहीर झालं आणि २००३ मध्ये ते आयएसओ प्रमाणही झालं.

आता हा इतिहास कामाला कसा येतो ते बघा. मजले खालून वर चढायचे.

पहिला मजला तारेचा. आरएस-४८५ ची लाइन एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे अशी ओळीने जायला हवी, आणि फक्त दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर हवेत. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण ६० दिसायला हवेत. एका ठिकाणापासून पुढचे सगळेच कंट्रोलर गप्प असतील तर तिथेच तार तुटलीये किंवा उलटी लागलीये.

दुसरा मजला वेगाचा आणि पत्त्याचा. कंट्रोलर पाळीपाळीने बोलतात, ज्याच्याकडे टोकन तोच बोलणार. दोघांना एकच पत्ता दिला की गोंधळ, आणि तोही अधूनमधून होणारा, म्हणजे सगळ्यात छळवादी.

तिसरा मजला आपल्या ओळखीचा, नेटवर्कचा. इथे स्क्रीन 'कोण आहे?' अशी हाळी देते. ही हाळी म्हणजे ब्रॉडकास्ट, ती राउटर ओलांडत नाही. पलीकडे निरोप पोचवायला बीबीएमडी नावाचा मध्यस्थ लागतो. (बॅकनेटचा पोर्ट ४७८०८. हेक्समध्ये लिहून बघा, बीएसी० येतं. समितीतही आपल्यासारखी माणसं होती तर!)

आमच्या ऑफिसात एकदा एक अख्खा मजला ऐन मे महिन्यात उकडत होता. देखभालवाल्यांनी सरळ नवीन टचस्क्रीनचं कोटेशन दिलं. मी एवढंच विचारलं, की नेटवर्कमध्ये हल्ली काही बदललं का? आदल्याच आठवड्यात ती स्क्रीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकली होती. मध्यस्थ बसवला, रेघा गेल्या, आकडे आले. खर्च शून्य.

बॅकनेटने सगळ्यांना एक भाषा दिली, पण कोणाची हाळी कोणापर्यंत पोचते हे मात्र आजही ज्याचं त्यालाच तपासावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'स्क्रीनच बदला साहेब' म्हणालं, तर कोटेशनवर सही करायच्या आधी विचारा, तिन्ही मजले चढून आलात का?