महाडास असतां नाना फडणिसांची प्राप्ति व राजकारण

वाळुजेवरून जाणारा जुना मार्ग एकीकडे अहमदनगरच्या व दुसरीकडे दौलताबादच्या किल्ल्याकडे जातो. इ. स. १७९६ त नाना फडणीस पुणें सोडून महाडास राहिले, तेव्हां हे दोन्ही किल्ले त्यांनीं राजकारणांत पणास लाविले. त्यांची जहागीर शिंद्यांस दिली गेली व पुण्यांतील वाडे परशुरामभाऊंनीं घेतले, असें ग्रँट डफ लिहितो. उत्पन्न बुडालें, पण लेखणी थांबली नाहीं! शिंद्यांस त्यांनीं अहमदनगर, दहा लक्षांचा मुलूख व खुद्द भाऊंचीच जहागीर देऊं केली; निजामास खर्ड्याचा, दौलताबाद धरून, सर्व मुलूख परत देण्याचा करार केला. आमच्या मतें, बुडालेली प्राप्ति नानांची होती. किल्ले राज्याचे होते. डिसेंबरांत बाजीरावांस वस्त्रें मिळालीं व नाना पुन्हां कारभारीं झाले.