दिवाळे आणि दिनशा मुल्ला

व्यापार बुडाला की पेढीवर भरदिवसा दिवा लावीत. त्यावरूनच ‘दिवाळे’ शब्द आला, असे सांगतात. बेळगावच्या पेठेत वाढलेल्या आम्ही मात्र तो शिवी म्हणूनच ऐकला.

मुंबईच्या वकिलीतून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचलेले सर दिनशा मुल्ला यांचा नादारीच्या कायद्यावरील ग्रंथ १९३० साली निघाला. तेव्हा मुंबई शहराला १९०९ चा कायदा होता, आमच्या जिल्ह्याला १९२० चा. तिथे बुडालेल्याची मालमत्ता ऑफिशियल असायनीकडे जाई, इथे कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे. सूत्र एकच: उरलेले धनकोंना कर्जाच्या प्रमाणात वाटावे, प्रामाणिक ऋणकोला मोकळे करावे, लबाडाला सूट नाही.

बुडालेला माणूस पुन्हा दुकान उघडू शकतो, हे कायद्याने केव्हाच मान्य केले. आपण शेजाऱ्यांनी ते मान्य करायला फार वेळ लावला.