पुलाची भेग आणि मातींतील भुसा

जालना शहर आज पोलादी सळयांकरितां प्रसिद्ध आहे. तेथें घडलेली सळई एकदां काँक्रीटच्या पोटांत गेली कीं ती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. पण पुलाची भिस्त तिच्यावरच असते. दाब सोसण्यास काँक्रीट समर्थ, परंतु ताण पडतांच तें तडकतें. तो ताण पोलादानें सोसावयाचा. या जोडीचा वैरी नेहमींच वरचें ओझें असतो असें नाहीं. पुष्कळदां तो भेगेंतून शिरणारें पाणी असतो.

पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल १९७० मध्यें खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला. ज्या ताणलेल्या तारांवर तो उभा होता, त्या आंतल्या आंत गंजल्या होत्या. उणीं सोळा वर्षें! ठाण्याच्या खाडीवरील १९७३ च्या पुलाच्या गर्डरांतहि भेगा आढळल्या. पण तें वेळींच ध्यानांत आल्यामुळें बाहेरून नव्या केबली ताणून त्यांस आधार देतां आला.

मग भेगच कां रोखूं नये? हा विचार आम्हांस अपरिचित नाहीं. मराठवाड्यांत धाब्याच्या घरासाठीं माती मळतांना तींत भुसा कालवीत. सुकतांना ती फाटूं नये हा हेतु. अमेरिकेंत रोमुआल्डी व बॅट्सन यांनीं १९६३ मध्यें जवळजवळ बसविलेल्या बारीक तारा काँक्रीटची भेग कशी अडवितात याचें गणित मांडलें. तंतुमय काँक्रीटांत विखुरलेले पोलादी तंतु भेगेच्या दोन्ही कडा जणूं टांके घालून धरतात. ती रुंदावत नाहीं आणि पाण्यास सळईपर्यंत सहज वाट मिळत नाहीं. स्वित्झर्लंडांतील शियों येथील १९६९ च्या जोडपुलांवर २०१४-१५ मध्यें अशाच अतिसघन काँक्रीटचा चार-पांच सेंटिमीटरांचा थर चढवून त्यांस बळकटी आणली. जुन्या गर्डरासहि खालून व बाजूंनीं असें कवच देतां येतें. मात्र आधीं सैल काँक्रीट खरवडून व गंज काढून पृष्ठभाग खडबडीत केला पाहिजे. नाहीं तर कवच वेगळें आणि गर्डर वेगळा. शिवाय मुख्य सळईचें काम तंतु करीत नाहींत. ते तिचे रक्षक होत.

धाब्याच्या घराचा धनी पावसाळ्यापूर्वीं भिंतीची भेग हुडकून लिंपीत असे. त्यास कोणी उद्घाटनास बोलावीत नसे. पूल बांधण्याचा समारंभ होतो, तपासण्याचा होत नाहीं. कुंडलिका-दुधनेच्या कांठचा हा जिल्हा देशास सळया पुरवितो. त्या गंजूं न देण्याची चिंता मात्र आपणां सर्वांचीच आहे.