पॅलिएटिव्ह केअर (परिहार सेवा): काय मिळते, कुठे अडते, काय मागावे

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय?
गंभीर आजारातील वेदना, धाप, उलट्या, जखमा आणि मनाची घालमेल कमी करणारे उपचार. त्यासाठी शेवटचे दिवस येण्याची वाट पाहायची नसते. कर्करोगाचे मूळ उपचार चालू असतानाही ही सेवा घेता येते. अशा रुग्णांच्या निवासी केंद्राला हॉस्पिस म्हणतात. (याला रुळलेला मराठी प्रतिशब्द नाही आणि 'मरणासन्नांचे घर' म्हटले की कुटुंबे बिचकतात, म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.) भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले.

सगळीकडे सारखी सेवा का मिळत नाही?
केंद्राचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे. मात्र राज्याने राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आराखड्यात मागणी केली तरच निधी येतो. त्यामुळे एका जिल्ह्यात परिचारिका घरी येते, तर शेजारच्या जिल्ह्यात या सेवेचे नावही कोणी ऐकलेले नसते. केरळने २००८ मध्येच स्वतंत्र धोरण केले. तेथे पंचायती प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत घरपोच सेवा चालवतात. इतर राज्यांनी आधी हेच उचलावे.

आयुष्मान कार्ड चालते का?
रुग्णालयात दाखल झाल्यास चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि घरी दिलेली सेवा त्यात बसत नाही. रुग्णाला घरीच राहायचे असते आणि पैसा मात्र खाटेसाठीच मिळतो, ही योजनेतील मोठी उणीव आहे. दाखल असताना कार्ड नाकारले किंवा पैसे मागितले तर १४५५५ या क्रमांकावर तक्रार करा.

मॉर्फिन मिळत नाही, काय करावे?
सर्वाधिक हाल इथेच होतात. पूर्वी एकाच औषधासाठी अनेक परवाने लागत. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारखी औषधे 'अत्यावश्यक' गटात आली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था ती ठेवू शकते. तरीही अनेक रुग्णालये ही मान्यता घेतच नाहीत. म्हणून नुसते "औषध नाही" ऐकून परतू नका. "तुमची संस्था मान्यताप्राप्त आहे का? नसल्यास जवळची कोणती?" असे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतल्यास व्यसनाच्या भीतीने वेदना सोसण्याचे कारण नाही. बद्धकोष्ठता मात्र होतेच. तिचे औषध सोबतच मागा. मात्रा स्वतः वाढवू किंवा बंद करू नका.

केंद्र निवडताना
रात्री त्रास वाढला तर फोन कोण उचलेल, हे आधी विचारा. भेटी फक्त कार्यालयीन वेळेत असतील तर रात्री तुम्ही एकटे पडता. नातेवाइकांना नळी, जखम आणि कूस बदलणे शिकवतात का, तेही पाहा.

रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्र नको असेल तर?
रुग्ण शुद्धीवर असताना तसे इच्छापत्र करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. एक प्रत घरच्यांकडे आणि एक उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे द्या.