चाल आपलीच हाय

आमच्या गावात अंगणवाडी आली त्याच्या किती तरी आधी बालवाडी होती, आणि ती मिशनची होती. साल १९६५-६६ असेल. आई-वडील दिवसभर रानात. घरी आजी, पण तिचे गुडघे गेलेले, पोरामागं पळणं तिच्यानं होईना. म्हणून वडिलांनी मला ख्रिस्ती आळीत नेऊन सोडलं. गावातल्या चार जणांनी नाकं मुरडली. पूर्वीच्या महारवाड्यातली बरीच घरं ख्रिस्ती झालेली, बालवाडीच्या बाईही त्यांतल्याच. आजी तर पंढरीची वारकरीण. दुपारी मी आलो की अंगणातच कपडे उतरवायची, अंगावर पाणी शिंपडायची, मगच उंबऱ्याच्या आत घ्यायची. मला वाटायचं, सगळ्याच पोरांना असं करतात.

बालवाडी म्हणजे देवळाशेजारची पत्र्याची खोली. ते लोकही त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणायचे. आल्या आल्या पावडरचं कोमट दूध, मग गाणं.

बाईंची शिकवायची रीत मला आता साठी उलटल्यावर उमगते. आधी शब्द नाहीतच. गोल बसायचं, एक थाप मांडीवर, एक टाळी हातावर. ती जमली की त्या तालावर चालायचं. बैलासारखं सावकाश, मग घोड्यासारखं. टाळी थांबली की जागच्या जागी उभं. आठ-दहा दिवस एवढंच. मग बाई एक ओळ म्हणायच्या, आम्ही मागून. अवघड शब्द आधी नुसता बोलून घ्यायच्या. पोरं किंचाळली की म्हणायच्या, "अरे, चिमणी वरडती का? गाती." एखाद्याचा सूर हुकला तर त्याला गप करत नसत, आपल्याजवळ बसवायच्या, म्हणजे त्याचा कान आपोआप धरायचा. पेटी देवळातच राहायची, रविवारी वाजायची. आम्हाला एक खंजिरी नि चिपळ्यांचा एक जोड. ज्याची पाळी त्याच्या हातात, मग तो कुणाचा का पोरगा असेना.

मी बोलताना अडखळायचो, गाताना नाही. हे पहिल्यांदा बाईंच्या ध्यानात आलं. "जेवलास का, काय खाल्लं" हेसुद्धा त्या मला चालीवर विचारायच्या आणि मी चालीवर सांगायचो. त्यातूनच माझी जीभ मोकळी झाली.

एकदा मला न्यायला आजी काठी टेकत आली. आत यायची नाही, म्हणून लिंबाखाली थांबली. आम्ही अभंग म्हणत होतो. नाव येशूचं, पण ठेका तिच्या रोजच्या भजनातला. घरी जाताना म्हणाली, "चाल आपलीच हाय की रं!" दारात गेल्यावर पाणी मात्र शिंपडलंच.

चाल आपलीच कशी, ते पुढं वाचनात आलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला आले. त्यांच्यासोबत विलायती चालीही आल्या. त्या चालींत मराठी शब्द बसवायचे म्हणजे नव्या बैलाला जुनं जू. कुठं तरी मान सोलायचीच. नारायण वामन टिळकांनी ते बदललं. १८६१चा जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, पुढं बरीच वर्षं नगरला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग, ओव्या, पदं लिहिली, खेड्यातल्या माणसाला टाळावर म्हणता येतील अशी. मुलांसाठीही लिहिलं, 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक संपादलं. १९१९ साली ते गेले. पण त्यांची पदं 'उपासना संगीता'त राहिली आणि तिथून आमच्या बाईंच्या तोंडात आली. ज्या नेवाशात पैसाच्या खांबाशी माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो आमचाच तालुका. ओवी इथल्या मातीतच होती. टिळकांनी ती ओळखली, बाईंनी ती पोरांच्या हातापायांत घातली.

पुढं मी गावच्या भजनी मंडळात मृदंग धरला. लोक म्हणायचे, उपजत ताल आहे. मी कधी सांगितलं नाही की हा ताल कुणाचा. सप्ताहात रात्री कीर्तन उभं राहिलं की बाई रस्त्यापलीकडं, पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर येऊन बसायच्या. मांडीवर थाप, हातावर टाळी. मला दिसायचं. तेव्हा मी तिशीचा गडी, मंडळात माझा शब्द चालायचा. "बाई, पुढं या, बसा" एवढंच म्हणायचं होतं. माझी जीभ पुन्हा अडखळली. एक सप्ताह नाही, कैक सप्ताह.

बाई गेल्या तेव्हा मी त्यांच्या देवळात पहिल्यांदा आत गेलो. दाराशी, शेवटच्या ओळीत बसलो. पद सुरू झालं, ओळखीचंच होतं. माझा हात मांडीवर पडायला लागला. शेजारच्या म्हाताऱ्यानं तो बघितला. कोण, कुठला, काही विचारलं नाही. आपल्या हातातले टाळ माझ्या हातात दिले आणि जरा सरकून जागा केली.

मी शेवटपर्यंत वाजवले. घरी आलो तेव्हा अंगणात पाणी शिंपडायला कुणी नव्हतं. तरी मी उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभा होतो.