वादळ विरलं, मग परभणीत पोचलं

२७ ऑक्टोबर २०१९, लक्ष्मीपूजन

एसटीतून उतरून तुम्ही पाथरी तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात शिरता आणि पहिल्याच पावलाला काळी माती चपलेला धरते. दिवाळीत एरवी ही माती भेगाळू लागलेली असते, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी चाललेली असते. यंदा वाफसाच नाही. ज्या घरी तुम्ही पाहुणे म्हणून आलात, त्यांच्या वावरात मेणकापडाखाली सोयाबीनची सुडी झाकून ठेवली आहे. कापड उचला, आत हात घाला. ढीग आतून गरम लागतो, कुबट वास नाकात शिरतो. एक शेंग काढून बोटांत दाबा. दाण्यातून नखाएवढा पांढरा कोंब बाहेर आला आहे.

"नवं धान पूजेला मांडावं म्हणलं, तर त्यालाच कोंब फुटलेत," घरातली आजी म्हणते आणि ढिगातले त्यातल्या त्यात बरे दाणे निवडून ताटलीत ठेवते.

त्याच संध्याकाळी, इथून शेकडो कोस दूर, अरबी समुद्रात 'क्यार' घोंगावतंय. २४ ऑक्टोबरला विधानसभेचा निकाल लागत होता आणि सगळं राज्य टीव्हीसमोर जागा मोजत बसलं होतं, त्याच दिवशी समुद्रावर त्याची सुरुवात झाली. तीन दिवसांत ते महाचक्रीवादळ झालं. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्राने एवढं मोठं वादळ पाहिलं नव्हतं. ते विरण्याआधीच ३० ऑक्टोबरला त्याच समुद्रात 'महा' उभं राहणार आहे. या वर्षी उत्तर हिंद महासागरात आठ चक्रीवादळं होतील, त्यातली पाच अरबी समुद्रात. या समुद्राची वर्षाची सरासरी एखाद्या वादळाची. एकाच वर्षात पाच वादळं त्यात याआधी १९०२ साली झाली होती. हिंद महासागराची पश्चिमेची बाजू या वर्षी पूर्वेपेक्षा खूपच तापली आहे, आणि तापलेल्या पाण्यावर वादळाला बाष्पाची कमतरता पडत नाही.

'क्यार' किनाऱ्याला लागणारच नाही. 'महा' गुजरातच्या तोंडाशी येऊन विरेल. किनारा सुटकेचा श्वास टाकेल, आणि तुम्ही मात्र किनाऱ्यापासून एवढ्या आत, भिजलेल्या सुडीपाशी उभे असाल. समुद्रावरून येणारी दमट हवा मराठवाड्यात पाऊस लांबवत राहील. राज्यात राष्ट्रपती राजवट लागेल आणि १६ नोव्हेंबरला राज्यपाल खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर करतील. आजीच्या घरी तोवर सोयाबीन मातीमोल भावाने विकून झालेलं असेल.

२४ सप्टेंबर २०२१, शुक्रवार

दोन वर्षं पुढे चला. घर तेच. आजीचा मुलगा, ज्याला तुम्ही दादा म्हणता, बांधावर उभा आहे. पाच बॅगा, म्हणजे पाच एकर सोयाबीन पेरलंय. जूनच्या मध्याला पेरलेल्या पिकाला शंभर दिवस भरलेत, पानं गळून शेंगा पिवळ्या पडल्यात. सोयाबीनचा सगळ्यात नाजूक काळ हाच. उभं ठेवावं तर शेंगा तडकतात, कापावं तर ते वाळवायला दोन-तीन दिवसांचं ऊन लागतं. ऑगस्टात बाजारात क्विंटलला नऊ हजारांच्या पुढची बोली लागली होती. त्यानंतर सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि भाव उतरणीला लागले. त्यामुळे दादाला घाई आहे.

घरात सातवीतला नातू मोबाइलवर हवामानाचा नकाशा पाहतोय. कोरोनामुळे बंद झालेली त्याची शाळा अजून सुरू झालेली नाही. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंदाजांचा पूर आलाय. याच जिल्ह्यातल्या, सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाब डख यांचे पावसाचे अंदाज आज मराठवाडाभर ऐकले जातात. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. अंदाजाची एवढी भूक दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात क्वचितच असेल, कारण पाऊस दोन दिवस इकडचा तिकडे झाला की वर्षाचा हिशेब बदलतो.

आणि आजच्याच शुक्रवारी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं तीव्र क्षेत्र तयार झालंय. ते कुठे जाणार, हे या वावरात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही काय सांगाल? वादळ येतंय म्हणाल तर दादा हसेल. परभणीला समुद्र कुठला?

म्हणून तुम्ही त्याला समजेल असंच बोलता. "दादा, जेवढं झाकता येईल तेवढंच कापा. कापलेलं पसरून ठेवू नका. सुडी उंचावर, माळाकडं घाला."

"मजुरांना गुत्तं देऊन बसलोय, पाहुणं. सगळंच कापायचं ठरलंय."

"दोन एकराचं कापा. बाकीचं राहू द्या."

तो तुमच्याकडे थोडा वेळ बघतो. मग २०१९ ची सुडी त्यालाही आठवते. "बरं, दोन एकर," तो म्हणतो.

२६ सप्टेंबर, रविवार

आता सगळ्या वाहिन्यांवर एकच नाव आहे: 'गुलाब'. हे नाव पाकिस्तानने सुचवलेलं. उत्तर हिंद महासागराभोवतीच्या १३ देशांनी दिलेल्या नावांची यादी भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये जाहीर केली, त्यात ते आहे. याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते'ने मुंबईचा समुद्र खवळवला आणि 'यास' ओडिशाला धडकलं. त्यामुळे लोक आता ही नावं पटकन ओळखतात.

संध्याकाळी श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या कलिंगपट्टणमच्या उत्तरेला वादळ जमिनीवर चढतं. ताशी ७५ ते ८५ किलोमीटर वेगाचे वारे, मधूनच ९५ पर्यंतचे झोत. झाडं मोडतात, तारा तुटतात, बातमीदार छत्री सावरत बोलतात. नातू नकाशावर बोट ठेवून विचारतो, "इथून आपलं गाव किती लांब?" सरळ रेषेत सुमारे आठशे किलोमीटर. दादा टीव्ही बंद करतो. त्याच्या मते बातमी आंध्रची आहे.

तुम्ही झोपू शकत नाही. दोन एकराची सुडी माळावर रचली गेली, हे तुम्ही दिवसभरात दोनदा जाऊन पाहिलंय. मेणकापडावर दगड ठेवले, कडेने चर काढला. उरलेलं तीन एकर उभं आहे, आणि त्यासाठी तुमच्या हातात आता काही नाही.

२७ सप्टेंबर, सोमवार

आज बातमीत वाक्य येतं: वादळ कमजोर झालं. शब्दश: खरं आहे. समुद्र सुटला की वादळाची रसद तुटते. डोंगर, झाडी, घरं यांना घासून वारा मंदावतो. वादळाची प्रत वाऱ्याच्या वेगावरून ठरते, म्हणून कागदावर ते एकेक पायरी उतरत जातं: आधी चक्रीवादळ, मग तीव्र कमी दाब, मग नुसतं ठळक कमी दाबाचं क्षेत्र.

पण वारा उतरला म्हणून पाणी उतरत नाही. उपसागरातून उचललेलं बाष्प त्या हवेत तसंच आहे. मान्सून अजून परतलेला नाही, त्यामुळे दोन्ही समुद्रांवरून दमट वारे तिला भरत राहतात. खाली तेलंगणापासून मराठवाड्यापर्यंतची जमीन महिनाभराच्या पावसाने आधीच चिंब आहे. ती वरच्या हवेला कोरडी पडू देत नाही, आणि पडलेलं पाणी आत घ्यायला तिच्यात जागाही उरलेली नाही. शिवाय पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा क्षेत्राचा सगळ्यात जोराचा पाऊस बहुतेक वेळा त्याच्या मध्यावर न पडता नैऋत्येच्या अंगाला पडतो. नकाशावर मध्य वेगळ्याच जिल्ह्यावर दिसतो आणि ढग फुटल्यागत पाऊस तुमच्या डोक्यावर कोसळतो.

रात्री नऊनंतर सुरू होतो. सोसाट्याचा वारा नाही, फारशी गाज नाही. पत्र्यावर एकसारखा आवाज, ज्यात खंड पडत नाही. आजी अंथरुणातून विचारते, "उघाड दिली का रं?" कोणी उत्तर देत नाही.

२८ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी हवामान विभागाच्या नोंदीत 'गुलाब'चं वादळपण संपलेलं आहे. पश्चिम विदर्भ आणि लगतच्या मराठवाड्यावर ठळक कमी दाबाचं क्षेत्र, एवढंच त्याचं वर्णन उरलं आहे. आणि त्याच सकाळी तुम्ही दादाबरोबर गुडघाभर पाण्यातून वावराकडे निघता.

शेजारच्या रानात काल कापून टाकलेलं सोयाबीन पेंढ्यांसकट तरंगत बांधाला लागलं आहे. कपाशीची खालची बोंडं पाण्यात आहेत, ती काळी पडून सडणार. दादाच्या उभ्या तीन एकरांत फक्त शेंड्यांची रांग दिसते. माळावरची सुडी मात्र कोरडी आहे. तो कापडाखाली हात घालतो, दाणे तळहातावर घेतो आणि काही न बोलता परत झाकतो.

पालमकडे लेंडी नदी पुलावरून वाहते, तेव्हा पलीकडच्या गावांचा रस्ताच तुटतो. नद्यांचा हिशेब इथे एकट्या पावसाने होत नाही. माजलगावच्या धरणाचं पाणी सिंदफणेतून गोदावरीत येतं. पूर्णा कंठेश्वरला गोदावरीला मिळते. गोदावरी काठोकाठ फुगली की तिला मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांना वाट राहत नाही; त्यांचं पाणी मागे फिरून शिवारात पसरतं. शेजारच्या जिल्ह्यांच्या सीमेवर मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे आज उघडलेत. उद्या, २९ तारखेला, पैठणला जायकवाडीचे दरवाजे उचलले जातील आणि ते पाणी ढालेगाव, मुदगल, गंगाखेड करत या जिल्ह्यातून जाईल. पाऊस थांबल्यावरही पूर येतो, तो असा.

आज मंगळवार, कृषी सल्ल्याचा वार. मागचा वार शुक्रवारचा. वादळ जमिनीवर चढलं ते मधल्या रविवारी. जिल्ह्यांसाठीचे इशारे रोज निघतात, पण 'कापणी करू का थांबू' या प्रश्नाचं उत्तर ज्याला हवं होतं, त्याला ते त्या मधल्या तीन दिवसांतच हवं होतं.

३ ऑक्टोबर, रविवार

जाण्याआधी नातवाच्या मोबाइलवर एकदा नकाशा बघा. ते क्षेत्र गुजरातच्या दक्षिणेवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथलं गरम पाणी मिळताच पुन्हा उभं राहिलं आणि १ ऑक्टोबरला चक्रीवादळ झालं. मध्ये ते वादळाच्या खालच्या पायरीवर गेलं होतं, म्हणून त्याला नवं नाव मिळालं: कतारने सुचवलेलं 'शाहीन'. आज ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकतंय. त्या किनाऱ्याने १८९० नंतर असं वादळ अंगावर घेतलं नव्हतं. कलिंगपट्टणमला त्याचं नाव होतं, ओमानला त्याचं नाव आहे. जगाच्या नोंदीत 'गुलाब' आणि 'शाहीन' ही दोन वादळं. मधल्या निनावी दिवसांत ते आजीच्या पत्र्यावरून गेलं.

परत आल्यावर

या प्रवासातून मला जे म्हणायचं आहे ते हेच की परभणीसारख्या जिल्ह्याचं संकट या निनावी दिवसांत येतं, आणि आपली सगळी दक्षता नावाभोवती फिरते. किनाऱ्यावर वादळाचा माग घेण्यात आपण मोठी मजल मारली आहे. माणसं वेळेत हलवली जातात, होड्या परत बोलावल्या जातात, आणि ही खरीच अभिमानाची गोष्ट आहे. तोच माग जमिनीवरही घेता येतो. २६ च्या संध्याकाळी हे क्षेत्र पश्चिमेला सरकणार हे दिसत होतं, आणि परभणीकडे त्यानंतर एक अख्खा दिवस होता. एका दिवसात तीन एकर कापून होत नाही, पण कापलेलं गोळा करून उंचावर झाकता येतं. ताडपत्री आणता येते, चर काढता येतो, नदीकाठची मोटार आणि जनावरं वर आणता येतात.

नुकसानीनंतरची यंत्रणासुद्धा याच डोळ्यांनी बघायला हवी. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. मंडळाचं पर्जन्यमापक एका ठिकाणी असतं आणि ढग दुसऱ्या गावावर फुटतो. पीक विम्यासाठी २०२१ मध्ये ७२ तासांत कळवावं लागे. त्या ७२ तासांत गावात वीज नसे, मोबाइलला रेंज नसे, तालुक्याचा रस्ता पाण्याखाली असे. १३ ऑक्टोबर २०२१ ला सरकारने १० हजार कोटींची मदत जाहीर केली. जिरायतीला हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीला १५,००० आणि बहुवार्षिक पिकांना २५,०००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ही मदत गरजेचीच होती. पण दादाच्या दोन एकरांनी जे वाचवलं, ते पंचनाम्याआधीच वाचलं होतं, आणि त्याला लागलं होतं मेणकापड, चार दगड आणि वेळेवर मिळालेला एक सल्ला.

समुद्र तापत चाललाय. अरबी समुद्रात २०१९ सारखं वर्ष पुन्हा येणार, आणि बंगालच्या उपसागरातली वादळं सप्टेंबर-ऑक्टोबरात जमीन ओलांडत येणारच. पुढच्या वेळी बातमीत 'वादळ कमजोर झालं' असं ऐकाल, तेव्हा टीव्ही बंद करू नका. ते कोणत्या दिशेला सरकतंय ते बघा, त्याच्या नैऋत्येला कोणती गावं येतात ते बघा, आणि तिथे तुमचं कोणी असेल तर लगेच फोन लावून विचारा: कापलेलं झाकलं का?